कडक स्प्रिंगच्या समजुतीमागचा इतिहास

स्पोर्ट्स कार घेतलेल्या माणसाचा हात लवकरच सस्पेन्शनकडे वळतो. बाजारात माल भरपूर आहे: गाडी तीसेक मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर (म्हणजे शॉकअपभोवती बसवलेली स्प्रिंग), वळणावर गाडी कलंडू न देणारे जाड अँटिरोल बार. या मालाबरोबर एक समजूतही गळ्यात पडते, की वळणावर गाडी चिकटून जायला हवी असेल तर कंबरेचे हाल सोसलेच पाहिजेत. या समजुतीत तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं १९३० च्या दशकातच खोटं ठरलं होतं, आणि तेही रेसच्या मैदानावर.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्पोर्ट्स कार कडकच असायच्या. त्याला कारण होतं. शिडीसारखी लांबलचक चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वळणावर स्वतःच पिळवटायची. पुढचा अखंड एक्सल पाट्यांवर टांगलेला, त्यामुळे पाटे मऊ ठेवले की एक्सल इकडेतिकडे सरकायचा आणि स्टिअरिंग थरथरायचं. स्प्रिंगचे हेलकावे आवरणारा शॉकअप म्हणजे तर निव्वळ घर्षण. फ्रान्सच्या ट्रुफोने काढलेला आणि अमेरिकेत हार्टफर्डने विकलेला तो प्रकार म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या सांध्यात घट्ट आवळलेल्या चकत्या. अशा सांध्याचा जोर तो हालायच्या आधी सर्वांत जास्त असतो आणि एकदा हालायला लागला की कमी होतो. म्हणजे बारीक खडबडीवर तो जागचा हलत नाही आणि मोठ्या खड्ड्यात पुरा पडत नाही. हवं असतं त्याच्या बरोबर उलट. एवढ्या अडचणींवर तेव्हा उपाय एकच होता, सगळं आवळून टाकणं. त्या नाइलाजालाच पुढे ‘स्पोर्टी’पणा मानलं गेलं.

ही गाठ आधी सुटली ती मात्र आलिशान गाड्यांच्या बाजूने. मॉरिस ऑली हा रोल्स-रॉइसचा इंजिनिअर. कंपनीच्या अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड कारखान्यात असताना त्याच्या लक्षात आलं, की इंग्लंडात नावाजलेली गाडी इथल्या रस्त्यांवर माणसाला नीट बसू देत नाही. १९३० मध्ये तो कॅडिलॅककडे गेला आणि तिथे त्याने एक विचित्र गाडी उभी केली. भली मोठी लिमोझिन, तिला पुढे-मागे हलवता येणारी वजनं, आणि पुढच्या-मागच्या स्प्रिंगचा कडकपणा बदलायची सोय. तिचं नाव के-स्क्वेअर रिग. वजनं सरकवायची, गाडी पळवायची, बसल्याबसल्या कसं वाटतं ते पाहायचं.

त्यातून निघालेला निष्कर्ष आजही कॉइलओव्हरचं किट निवडताना उपयोगी पडतो. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला थोड्या वेळाने. पुढची बाजू मागच्यापेक्षा मऊ असेल, म्हणजे तिचे हेलकावे संथ असतील, तर उशिरा सुरू झालेली मागची बाजू तिला गाठते आणि गाडी सपाट वर-खाली होऊन स्थिरावते. उलट केलं की नाक आणि शेपूट आळीपाळीने उचललं जातं. पोटात ढवळतं ते यामुळे. पण पुढची बाजू मऊ केली तर अखंड एक्सल थरथरणार, हा प्रश्न होताच. म्हणून १९३४ च्या कॅडिलॅकला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं. आरामासाठी केलेल्या या बदलाने स्टिअरिंगही सुधारलं. आणखी एक गंमत: याच ऑलीने पुढे शेव्हरलेमध्ये १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची चेसी आखली.

रेसच्या बाजूने तोच धडा मर्सिडीजच्या रुडॉल्फ उलेनहाउटने घेतला. १९३६ चा हंगाम मर्सिडीजला वाईट गेला. उलेनहाउट स्वतः उत्तम ड्रायव्हर. त्याने त्या हंगामातली डब्ल्यू-२५ ही रेसची गाडी जर्मनीतल्या नूरबुर्गरिंग ट्रॅकवर चालवून पाहिली आणि दोष ओळखला: स्प्रिंगा फार कडक, चाकांना हालायला जागा कमी, चेसी लवचिक. १९३७ च्या डब्ल्यू-१२५ मध्ये त्याने सगळं उलटं केलं. चेसी बरीच ताठ, स्प्रिंगा मऊ, चाकांना वर-खाली जायला भरपूर वाव, शॉकअप दमदार. त्या वर्षी मर्सिडीजचा ड्रायव्हर कारात्सिओला याने याच गाडीवर युरोपियन अजिंक्यपद मिळवलं. माझ्या मते आधुनिक स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनची सुरुवात इथे होते, श्रेय सहसा लोटस या ब्रिटिश कंपनीला मिळत असलं तरी.

लोटसच्या कॉलिन चॅपमनने हे सूत्र सामान्य ग्राहकाच्या दारात आणलं, हे मात्र खरं. १९६२ च्या इलानला पोलादी पत्र्याची, पाठीच्या कण्यासारखी मधोमध जाणारी चेसी होती, बॉडी फायबरग्लासची, वजन सातशे किलोच्या आत. एवढ्या हलक्या आणि ठेंगण्या गाडीला वळणावर सावरायला कडक स्प्रिंग लागतच नाही. मऊ स्प्रिंग, लांब चाल (म्हणजे चाकाला वर-खाली जायला जागा), आणि अंगाचे हेलकावे आवरायला शॉकअप. त्याच सुमारास शॉकअपही बदलले. फ्रेंच संशोधक द कार्बोन यांच्या गॅस भरलेल्या मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीच्या, शॉकअपचं उत्पादन जर्मनीच्या बिलस्टाइनने १९५० च्या दशकात सुरू केलं. दाबाखालच्या तेलाला फेस येत नाही, त्यामुळे लांब घाटात तापल्यावरही त्याचा जोर टिकतो.

इलान डोळ्यांसमोर ठेवून माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ आणली. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे एकावर एक दोन हातांनी धरलेलं स्वतंत्र सस्पेन्शन, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. जगात सस्पेन्शनची जेवढी खाडाखोड या गाडीवर झाली असेल तेवढी क्वचितच दुसरीवर, त्यामुळे काय बिघडतं हे तिच्यावर छान दिसतं.

पहिलं बिघडतं ते चालीचं. मुळातच ठेंगणी गाडी तीस मिलिमीटर खाली घेतली की चाकाला वर जायची तेवढी जागा गेली. मग ती बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरच्या फोमच्या ठोकळ्यावर, टेकून चालायला लागते. भर वळणात एक खड्डा आला की बाहेरचं चाक ठोकळ्यावर आदळतं, त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम कैकपट होतो आणि टायर सुटतो. म्हणजे आराम गेला आणि पकडही गेली.

दुसरी गोष्ट शॉकअपची. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर हेलकाव्यांची गती दुप्पट होत नाही, १.४१ पट होते. पण तिला पूर्वीइतकंच आवरायला शॉकअपचा जोरही १.४१ पट लागतो. मूळ शॉकअप तसेच ठेवून फक्त स्प्रिंगा बदलल्या की गाडी उड्या मारते, आणि लोक दोष कडकपणाला देतात. आपल्याकडे ग्राइंडरने स्प्रिंगचा एखादा वळसा कापून गाडी ‘बसवतात’ तेव्हा हेच होतं. वळसे कमी झाले की उरलेली स्प्रिंग आपोआप कडक होते, आणि शॉकअप जुनाच. त्यात इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने बांधलेला स्पीडब्रेकरसुद्धा १० सेंटिमीटर उंच असतो. गल्लीतल्या हौशी स्पीडब्रेकरचं तर बोलायलाच नको.

तिसरं, ऑलीचा नियम. बऱ्याच किटमध्ये पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षा खूपच कडक असतात, कारण त्याने गाडी मागून घसरायची भीती कमी होते. पण एमएक्स-५ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,२६५ मिलिमीटर. ताशी ६० किलोमीटरला पुढचं आणि मागचं चाक एकाच उंचवट्यावर चढण्यात जेमतेम ०.१४ सेकंदाचं अंतर. तेवढ्यात मागच्या बाजूने पुढचीला गाठायचं, तर पुढची संथ हवी. ती जलद ठेवली की नाक डुलत राहतं.

इलेक्ट्रॉनिक्सने यातला काही भाग सोडवला. लोटसने १९८३ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये अॅक्टिव्ह, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने चाकं वर-खाली करणारं, सस्पेन्शन उतरवलं, १९९२ मध्ये विल्यम्सने त्यावर अजिंक्यपद जिंकलं, आणि १९९४ पासून ते बंद झालं. रस्त्यावर टिकलं ते त्याहून साधं काहीतरी. २००२ मध्ये कॅडिलॅकने चुंबकाने घट्ट-पातळ होणारं तेल शॉकअपमध्ये भरलं, पाठोपाठ कॉर्व्हेटने. हे शॉकअप खड्डा कळताच क्षणात सैल होतात. पण दोन इंच उरलेल्या चालीचे तीन इंच त्यांनाही करता येत नाहीत.

म्हणून किट घेताना विक्रेत्याला कडकपणाच्या आकड्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: गाडी उभी असताना बंप स्टॉपपर्यंत किती मिलिमीटर शिल्लक राहतात, आणि चाकापाशी मोजलेला हेलकाव्यांचा वेग पुढे किती, मागे किती. सेकंदाला दीड ते दोन हेलकाव्यांच्या दरम्यान, मागे किंचित जास्त, हे रोजच्या रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला पुष्कळ झालं. अडीचच्या पुढचं किट गुळगुळीत ट्रॅकसाठी असतं, पुड्यावर काहीही छापलेलं असो. आणि बजेट एकाच वस्तूपुरतं असेल, तर मूळ उंची ठेवून फक्त चांगले शॉकअप घ्यावेत.