ग्रॅफाइट, औद्योगिक

कार्बनचे थराथरांनी रचलेले, मऊ, काळे आणि वीज व उष्णता उत्तम वाहणारे रूप. बाजारात या एका नावाखाली असे अनेक पदार्थ विकले जातात की एकाचे काम दुसरा करू शकत नाही. खरेदीपत्रावर नुसते ‘ग्रॅफाइट’ लिहिणे म्हणजे किराणा दुकानात ‘पीठ द्या’ म्हणण्यासारखे आहे.

खाणीतून निघणाऱ्या ग्रॅफाइटमध्ये पत्रीदार म्हणजे फ्लेक प्रकाराला सर्वाधिक मागणी असते. चीन, मोझांबिक, मादागास्कर व ब्राझील हे त्याचे प्रमुख उत्पादक. पत्री जितकी मोठी आणि राख (जाळल्यावर उरणारी अशुद्धी) जितकी कमी, तितका भाव चढा. हा माल भट्टीच्या मॅग्नेशिया-कार्बन विटांत, धातू वितळवण्याच्या मुशींत आणि गोलसर करून लिथियम बॅटरीच्या ऋणाग्रात जातो. श्रीलंकेतील बोगला व कहटगहा या खाणींत शिरांच्या रूपात अतिशुद्ध ढेकळे मिळतात. ‘अमॉर्फस’ म्हणून विकला जाणारा प्रकारही खरे तर स्फटिकीच. फक्त त्याचे कण फार बारीक असतात. तो स्वस्त असल्याने वंगण, ब्रेक लायनिंग आणि साच्यांवरचा लेप यांत खपतो.

कृत्रिम ग्रॅफाइटचे श्रेय एडवर्ड अ‍ॅचेसनकडे जाते. कार्बोरंडम (सिलिकॉन व कार्बनचे संयुग) अतितप्त केल्यावर सिलिकॉन उडून जाते व ग्रॅफाइट उरते, हे त्याच्या ध्यानात आले. १८९६ मध्ये त्याने पेटंट मिळवले. आज पेट्रोलियम कोक (तेलशुद्धीकरणात उरणारा घन कार्बन) डांबरी पिचमध्ये मळतात, घडवतात, भाजतात, पुन्हा पिच पाजतात आणि अखेर ३००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. या साऱ्याला काही महिने लागतात. पोलादाच्या विद्युत भट्टीसाठी लागणारे मोठे इलेक्ट्रोड सुईसारख्या रचनेच्या ‘नीडल कोक’पासून बनतात, आणि खरी अडचण या कोकचीच असते. २०१७ मध्ये चीनमधील प्रदूषणकारी कारखाने बंद झाले, कोकही तुटला, तेव्हा इलेक्ट्रोडचे भाव कित्येक पटींनी चढले. भारतात ग्रॅफाइट इंडियाचे दुर्गापूर व नाशिक येथे, तर एचईजीचा भोपाळजवळ मंडीदीपला कारखाना आहे.

टूलरूममध्ये ईडीएमसाठी (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरण्याच्या पद्धतीसाठी) लागतो तो आयसोस्टॅटिक प्रकार: सर्व बाजूंनी सारखा दाबलेला, त्यामुळे कुठल्याही दिशेने कापला तरी गुणधर्म जवळपास सारखेच. येथे कणांचे माप पाहूनच ग्रेड निवडावा; भरड दाण्याच्या ठोकळ्यात बारीक बरगडी कापताना कडा तुटतात. कापताना लांब कीस निघत नाही, काळी भुकटी उडते. ती वीजवाहक असल्याने मशिनच्या पॅनेलमध्ये शिरली तर शॉर्ट होते, म्हणून धूळ ओढणारी यंत्रणा लागतेच.

फाउंड्रीतला व्यवहार आणखी फसवा. भंगार पोलाद वितळवून बीड करताना कार्बन वाढवावा लागतो. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या गावी त्यासाठी कॅल्साइन्ड म्हणजे भाजलेला पेट्रोलियम कोक आणि इलेक्ट्रोडच्या तासकामातला चुरा, दोन्ही चालतात, आणि दिसायला दोन्ही काळेच. पण नीट न भाजलेल्या कोकमध्ये गंधक व नायट्रोजन बरेच राहते. एसजी आयर्न, म्हणजे मॅग्नेशियम घालून आतले ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात आणलेले बीड, ओतताना हे गंधक मॅग्नेशियम खाऊन टाकते, ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत. जादा नायट्रोजनने ओतीवात भेगांसारखी छिद्रे पडतात. म्हणून चाचणी दाखल्यात केवळ ‘स्थिर कार्बन’चा आकडा पाहून भागत नाही, गंधक, नायट्रोजन, राख व ओलावाही पाहावा.

१ डिसेंबर २०२३ पासून चीनने फ्लेक ग्रॅफाइट व काही उच्च शुद्धतेच्या कृत्रिम प्रकारांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, तेव्हापासून बॅटरी उद्योगाची नजर मोझांबिक व मादागास्करकडे अधिक लागली आहे.