सीए-१२५ : रिपोर्टातल्या आकड्यामागचं प्रोटीन

लातूर-नांदेडकडं घरातल्या एखाद्या बाईचं पोट फुगलं, सोनोग्राफीत पाणी दिसलं की अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेनं सीए-१२५ ची, म्हणजे रक्तातलं हे प्रोटीन मोजायची टेस्ट लिहून मिळते, आणि रिपोर्ट आला की सगळं घर आकडा ३५ च्या वर गेला का तेवढंच बघतं. हा ३५ आला १९८३ च्या अभ्यासातून. ८८८ निरोगी माणसांत जेमतेम १ टक्का त्याच्या वर, अंडाशयाच्या कॅन्सरच्या १०१ पेशंटमध्ये ८२ टक्के. पण पोटाच्या टीबीतही पाणी होतं आणि हाच आकडा शेकड्यात जाऊ शकतो, आपल्याकडं टीबी किती आहे ते बघता तुकडा काढून तपासल्याशिवाय (बायोप्सी) कॅन्सर म्हणून मोकळं होऊ नये.

प्रोटीन करतं काय हे कळायला मात्र वेळ लागला. २००१ ला त्याचा जीन सापडला, एमयूसी-१६. पेशीच्या बाहेर लांबलचक लोंबणारं प्रोटीन, त्याचा तुटून रक्तात आलेला भाग म्हणजे सीए-१२५. २००४ ला दिसलं की ते मेसोथेलिन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला घट्ट चिकटतं, आणि मेसोथेलिन तर पोटाच्या अस्तरावर असतं. म्हणजे गाठीवरनं सुटलेल्या पेशी पाण्यात तरंगत जाऊन अस्तराला, चरबीच्या पडद्याला धरून बसतात, हा कॅन्सर आधी पोटातल्या पोटात पसरतो त्याचं हे एक कारण मानतात. हे प्रोटीन पेशीचं रूप बदलून तिला सुटी, पसरणारी करतं का, याबद्दल मात्र एकमत नाही. २०११ च्या एका प्रयोगात प्रोटीनच्या शेपटाकडच्या तुकड्यानं पेशी जास्त हलायला, घुसायला लागल्या, तर त्याच वर्षीच्या दुसऱ्यात पेशीवरचं प्रोटीन कमी केल्यावरच त्या सैल होऊन रूप बदलू लागल्या.

खरा वाद झाला तो २०१० ला. केमो संपली, बाई बरी आहे, त्रास काही नाही, पण आकडा चढतोय, तर लगेच परत केमो द्यायची का? ५२९ पेशंटची दोन गटांत विभागणी झाली, एकात आकडा चढताच केमो, दुसऱ्यात त्रास सुरू झाल्यावर. पहिल्या गटाला केमो जवळपास ५ महिने आधी मिळाली, तरी आयुष्य वाढलं नाही, २५.७ महिने आणि २७.१ महिने, उलट त्यांचं जगणं लवकर बिघडलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण दर तीन महिन्याला गावाकडून संभाजीनगर नाहीतर बार्शी गाठायची, रक्त द्यायचं आणि रिपोर्ट येईस्तोवर घरात कुणाला घास गोड लागत नाही. विरोधातले म्हणतात अभ्यास जुन्या औषधांच्या काळातला, आता पार्प इनहिबिटर (कॅन्सरच्या पेशीला डीएनए दुरुस्त करू न देणाऱ्या गोळ्या) आलेत, आणि २०२१ ला निवडक पेशंटमध्ये कॅन्सर परतल्यावर केलेल्या दुसऱ्या ऑपरेशननं आयुष्य वाढलेलंही दिसलं, मग लवकर कळलेलं बरंच की. ऑपरेशनचा मुद्दा मला पटतो, पण तो ज्यांची गाठ पूर्ण काढता येईल त्यांच्यापुरता. बाकीच्यांना, टेस्ट करायची का नाही, हे आधी समजावून विचारायलाच पाहिजे, आणि नको म्हणाली तर तिच्यावर कुणी रागवू नये.