एक डिप दिला म्हणजे कीड गेली?

सांगलीत खाऱ्या पाण्याची शोभेची टाकी ठेवणाऱ्यांकडून झोआन्थिडबद्दल (झोआ, म्हणजे दगडावर फुलांसारखे उगवणारे छोटे समुद्री जीव) एक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय: "झोआन्थिड आणले की आयोडीनचा एक डिप द्या (म्हणजे औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा), कीड संपली." संपत नाही. डिपने मरतात ते मोठे न्यूडीब्रँक, म्हणजे झोआ खाणाऱ्या, शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी. अंडी बहुतेक तशीच जगतात.

विश्रामबागेतल्या एका मित्राच्या टाकीत झोआ उघडेनात. आम्ही आधी पाण्याची क्षारताच मोजत बसलो. रात्री टॉर्च मारला, तर देठाशी पॉलिपच्याच (झोआच्या एकेका 'फुला'च्या) रंगाचा, झालरीसारखा न्यूडीब्रँक चिकटलेला. जे खातो त्याचाच रंग घेतो, म्हणून पटकन दिसत नाही. देठामागे अंड्यांची बारीक, वेटोळी फीत होती. खरं काम तिथेच आहे. ती चिमट्याने खरवडून काढा, मग डिप द्या, आणि दर ५-७ दिवसांनी निदान ३-४ वेळा हेच करा. म्हणजे नवी पिल्लं मोठी होऊन अंडी घालण्याआधीच सापडतात.

रॅस मासा ही कीड खाऊन थोडी मदत करतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

हातमोजे आणि चष्मा मात्र घालाच. झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं, त्यामुळे किडलेला दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका. ती वाफ माणसाला दवाखान्यात पोचवते.