ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं?

"डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं की लगेच बदला, नाहीतर इंजिन जाईल." आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज दर उन्हाळ्यात फिरतो. (डिपस्टिक म्हणजे इंजिनमधल्या ऑइलची पातळी बघायची पट्टी.) वाटणं साहजिक आहे. स्वयंपाकघरातलं तळणीचं तेल काळं झालं की आपण टाकतोच.

इंजिन ऑइलचं मात्र उलटं आहे. त्यात मळ धरून ठेवणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात. जळणातून येणारी काजळी इंजिनमध्ये साचू न देता ऑइल ती स्वतःत सामावून घेतं, म्हणून काळवंडतं. डिझेल गाडीत तर नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं.

मग पाहायचं काय? गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, परत घाला, काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइल दुधाळ दिसलं किंवा त्यात धातूचे कण चमकले, तर मात्र मेकॅनिक गाठाच.

बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत असते. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. रोज फक्त जवळच्या मांडवीपर्यंत, तेही गर्दीतून, गाडी नेत असाल तर पुस्तिकेतला कठीण वापराचा तक्ता बघा. तिथे मुदत कमी असते. एवढी तपासणी घरीच होते. ऑइल घरी बदललंत तर जुनं गटारात ओतू नका, गॅरेजला द्या. आणि वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटी आधी वाचा.