काटा उतरला, पण उतरले काय?

गेल्या वर्षी माझ्या पन्नाशीतल्या वहिनींनी चार महिन्यांत सात किलो वजन उतरवले. रात्रीचे जेवण जवळजवळ बंद, दुपारी पोळीऐवजी काकडी-टोमॅटो आणि रोज पहाटे पाऊण तास चालणे, असा त्यांचा नेम होता आणि तो त्यांनी एकही दिवस मोडला नाही. घरात सगळ्यांनी कौतुक केले, जुने ब्लाउज पुन्हा अंगाला येऊ लागले. गौरी जेवणाच्या दिवशी मात्र पाटावरून उठताना त्यांना एक हात जमिनीला आणि दुसरा माझ्या खांद्याला टेकावा लागला. सात किलोंचे ओझे कमी झाल्यावर उठणे सोपे व्हायला हवे होते, ते उलट अवघड झाले होते. वजन किती गेले ते काट्याने सांगितले होते. कशाचे गेले, हे सांगणे त्याच्या आवाक्यातले नव्हते.

आपण खर्चापेक्षा कमी खातो तेव्हा शरीर तूट भरून काढण्यासाठी केवळ चरबीच वापरत नाही. व्यायामाशिवाय, नुसते अन्न कमी करून घटवलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीव्यतिरिक्त ऊतींचा असतो. त्यात पाणी असते, ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवलेली साखर असते आणि स्नायूही असतात. सात किलोंमधले पावणेदोन किलो असे जातात. पंचविशीत ही घट सहज भरून निघते. चाळिशी-पन्नाशीनंतर नेम सुटला की वजन परत येते, पण येताना बहुतांशी चरबी येते आणि गेलेला स्नायू पुरता परत येत नाही. दर दोन-तीन वर्षांनी असे 'डाएट' करणाऱ्या माणसाचे वजन तेवढेच दिसते, आतला मामला मात्र दर खेपेस बदलत जातो.

या वयात वजन वाढले की दोष 'मंदावलेल्या चयापचया'ला दिला जातो. तो बराचसा अन्यायाचा आहे. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २९ देशांमधील ६,४०० हून अधिक माणसांचा, आठ दिवसांच्या बाळांपासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत, रोजचा ऊर्जाखर्च त्यांनी पाहिला. यासाठी वापरलेली पद्धत सुंदर आहे: जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी माणसाला प्यायला देतात आणि ही दोन्ही मूलद्रव्ये लघवीतून किती वेगाने कमी होतात ते मोजतात. हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, ऑक्सिजन पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोहोंतल्या फरकावरून शरीराने किती इंधन जाळले ते कळते. शरीराचा आकार आणि घडण यांचा हिशेब वजा केल्यावर असे आढळले की वयाच्या विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास सपाट राहतो. उतार लागतो तो साठीनंतर, वर्षाला सुमारे ०.७ टक्के इतका.

मग चाळिशीत बदलते काय? कामाचे स्वरूप बसून करण्याचे होते, जिना सुटतो, आणि ज्या ऊतींच्या जोरावर आपण हालचाल करतो त्या हळूहळू झिजतात. तिशीनंतर दर दशकात स्नायूंची ३ ते ८ टक्के घट होते, असा सर्वसाधारण अंदाज आहे आणि ताकद त्याहूनही वेगाने कमी होते. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीचा काळ स्वतंत्रपणे महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत हजारो स्त्रियांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या 'स्वान' या अभ्यासात दिसले की पाळी जाण्याच्या या संक्रमणकाळात चरबी वाढण्याचा वेग दुप्पट होतो, आणि त्याच सुमारास स्नायूंसह चरबीविरहित वजन घटू लागते. एक वाढते, दुसरे घटते. काट्यावर दोहोंची बेरीज दिसत असल्यामुळे ही उलथापालथ तिथे उमटत नाही.

स्नायू जपायचे ते कशासाठी, याचे एक चुकीचे उत्तर सर्रास दिले जाते: स्नायू वाढले की झोपेतही भरपूर कॅलरी जळतात. विश्रांतीत असलेला एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ कॅलरी खर्च करतो. कष्टाने दोन किलो कमावले तर रोजच्या २६ कॅलरी, म्हणजे एका मारी बिस्किटाइतक्या. खरे कारण साखरेत आहे. इन्सुलिनच्या इशाऱ्यावर रक्तातून उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजपैकी सर्वांत मोठा वाटा, प्रयोगांतल्या मोजमापांनुसार ८० टक्क्यांच्या आसपास, स्नायूंकडे जातो. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट पाहत नाही. आकुंचन पावतानाच तो ग्लुकोज आत घेणारी द्वारे पेशीच्या पृष्ठभागावर आणतो. म्हणजे स्नायू कमी झाले की साखर साठवण्याचे कोठारच आकसते.

आपल्यासाठी हा मुद्दा अधिकच निकडीचा आहे, आणि ते दाखवून देणारे काम पुण्यातच झाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांमधील नवजात बाळांवर याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात या फरकाचे मूळ जन्मापाशीच दिसले होते. ही बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. पण आपल्या बाळांमध्ये मोठी उणीव होती ती पोटातल्या अवयवांची आणि स्नायूंची, आणि पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली होती. म्हणूनच भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की वजन जास्त समजतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर व स्त्रियांत ८० सेंटीमीटर या मर्यादेत असावा असे सांगतात. आपली सुरुवातच तुटपुंज्या स्नायूंनी होते; उतारवयात त्यातले गमावणे आपल्याला परवडणारे नाही.

स्नायू वाढायला दोन गोष्टी लागतात: ओझे आणि प्रथिने. ओझ्याचे शास्त्र युद्धकाळात आकाराला आले. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये असे मांडले की दुबळ्या स्नायूला हलके काम हजारदा देण्यापेक्षा जड काम थोडे वेळा द्यावे आणि ताकद वाढेल तसतसे वजन वाढवत न्यावे. आजचा सगळा ताकदीचा व्यायाम याच पायावर उभा आहे. कारण असे की वयाबरोबर प्रामुख्याने झिजतात ते झटपट आकुंचन पावणारे तंतू. तोल गेला तर पाय पटकन पुढे टाकण्यासाठी आणि पाटावरून उठण्यासाठी तेच लागतात. सपाट रस्त्यावरच्या चालण्यात त्यांना फारसे कामच मिळत नाही. चालणे हृदयासाठी, रक्तदाबासाठी, मनासाठी उत्तम आहे, ते सोडू नये. पण वहिनींचा पाऊण तास या तंतूंपर्यंत पोहोचतच नव्हता.

याचा पुरावाही स्वच्छ आहे. २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये डेनिस व्हिलारिअल यांच्या गटाने ६५ वर्षांवरच्या १६० स्थूल व्यक्तींचा प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचे वजन आहार घटवून सारखेच उतरवले गेले. एका गटाने दमश्वासाचा (एरोबिक) व्यायाम केला, दुसऱ्याने वजने उचलली, तिसऱ्याने दोन्ही केले. चरबीविरहित वजनातली घट पहिल्या गटात ५ टक्के, दुसऱ्यात २ टक्के आणि तिसऱ्यात ३ टक्के होती. आणि शारीरिक क्षमता सर्वांत जास्त सुधारली ती दोन्ही करणाऱ्यांची. 'आता या वयात काय' म्हणणाऱ्यांसाठी बॉस्टनमधला १९९० चा एक लहानसा प्रयोग सांगतो. मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातील दहा अशक्त रहिवाशांकडून आठ आठवडे पायांचा जड व्यायाम करवून घेतला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. मांडीचा स्नायू मात्र ९ टक्क्यांनीच वाढला. या दोन आकड्यांतल्या अंतराचा अर्थ असा की सुरुवातीची बरीचशी ताकद मज्जासंस्थेच्या शिकण्यातून येते. आहे तेच तंतू ती अधिक संख्येने आणि एकदम कामाला लावू लागते. म्हणूनच पहिल्या महिन्यात आरशात काही दिसले नाही तरी जिना सोपा वाटू लागतो.

यासाठी जिममध्ये जायलाच हवे असे नाही, जाता आले तर चांगलेच. आपल्या तालमींत जोर-बैठका आणि मुद्गल यांच्या रूपाने हे ज्ञान होतेच. वहिनींनी खुर्चीवरून हात न लावता उठबस करण्यापासून सुरुवात केली. दहा-बारा वेळा ते सहज जमू लागल्यावर पाठीवरच्या सॅकमध्ये दोन किलो तांदूळ, मग तीन, मग पाच. जोर आधी भिंतीला, मग स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून. दाराच्या कडीला रबरी पट्टा अडकवून तो छातीकडे ओढणे, आणि दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या घेऊन अंगणात फेऱ्या. हालचाल कोणतीही असो, आठ ते बारा वेळा करताना शेवटच्या दोन वेळा खरोखर जड गेल्या पाहिजेत. त्या हलक्या वाटू लागल्या की वजन वाढवायचे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्यातून किमान दोन दिवसांची आहे. मधला दिवस मोकळा सोडावा, जोर लावताना श्वास रोखून धरू नये. वजने उचलून बायका पुरुषी दिसू लागतात ही भीती निराधार आहे. तसे पिळदार स्नायू येण्यासाठी लागणारे टेस्टोस्टेरॉन पुरुषांत अनेक पटींनी जास्त असते.

प्रथिनांचा हिशेब आम्ही एका रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर केला. वहिनींच्या नेमाआधीच्या रोजच्या जेवणातला जिन्नस कोरडाच मोजला. शेंगदाणे घातलेले बशीभर पोहे, ६ ग्रॅम प्रथिने. दिवसभराच्या चहातले दूध, ५. तीन पोळ्या साडेनऊ, भाजी २, पातळ वरणाची वाटी साडेपाच, भात ३. रात्री दोन भाकऱ्या १० आणि पिठले साडेसहा. बिस्किटे धरून एकूण ४८-४९ ग्रॅम भरले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत, म्हणजे ६५ किलोंच्या बाईला ५४. हे नेहमीच्या प्रकृतीसाठी; वजन उतरवताना स्नायू राखायचे तर किलोमागे १.२ ग्रॅमच्या पुढे जावे लागते. ४९ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण २०१८ मध्ये झाले, त्यात व्यायाम करणाऱ्यांना किलोमागे १.६ ग्रॅमच्या पलीकडे आणखी लाभ झालेला दिसला नाही. थोडक्यात, नेहमीच्या भरल्या जेवणातही वहिनी कमी पडत होत्या, आणि नेमाच्या दिवसांत काकडी-टोमॅटोने ती तूट आणखी वाढवली होती.

फरक फार मोठा करावा लागला नाही. पोह्यांऐवजी मुगाची धिरडी, एक पोळी कमी करून पातळ वरणाच्या जागी मटकीची घट्ट उसळ, जेवणात वाटीभर दही, चारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी फुटाणे, रात्री एक भाकरी कमी आणि थोडे पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या. एवढ्याने बेरीज पंच्याहत्तरच्या आसपास गेली. अंडी, बांगडा, कोंबडी खाणाऱ्यांना हे याहून सोपे आहे. उपासाच्या दिवशी मात्र जपावे, कारण साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. खिचडीतली जी असतात ती दाण्याच्या कुटाची. आणि प्रथिने एका जेवणात कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळांत वाटलेली बरी.

खाण्यातली कपात बेताची हवी. एक किलो चरबीमध्ये सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, त्यामुळे रोज चारशे-पाचशे कॅलरींच्या तुटीने आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत-बाहेर वजन उतरते. झोपेचाही यात वाटा आहे. शिकागोत २०१० साली दहा जणांवर झालेल्या छोट्या प्रयोगात तोच कमी आहार दोन आठवडे साडेआठ तास झोपेसह आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेसह देण्यात आला. दोन्ही खेपेस वजन जवळपास सारखेच उतरले, पण अपुऱ्या झोपेत गेलेल्या चरबीचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले आणि भरपाई स्नायूंसह चरबीविरहित वजनाने केली. सध्या गाजणाऱ्या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांनाही हाच नियम लागू आहे. भूक मरते तेव्हा प्रथिनेही कमी पोटात जातात. मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर आहार आणि व्यायाम दोन्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवावेत.

प्रगती मोजण्यासाठी खुर्ची आणि घड्याळ पुरते. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला बारा सेकंद किंवा अधिक लागत असतील तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी, असे आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये सुचवले आहे. वहिनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कॅलेंडरच्या मागे तीन आकडे लिहितात: वजन, कमरेचा घेर आणि हे सेकंद. संक्रांतीपासून वजनाचा आकडा जवळपास तिथेच आहे. बाकीचे दोन्ही दर महिन्याला खाली येत आहेत.