ऐतिहासिक माहितीफलक, गोव्यातील

रस्त्याच्या कडेला, गावाच्या वेशीवर किंवा जुन्या वास्तूच्या दारात उभारलेला, त्या जागेचा इतिहास थोडक्यात सांगणारा फलक, स्तंभ अथवा शिला. गोव्यात घडल्या जागी खूण करून ठेवण्याची रीत सरकारी फलकांहून शेकडो वर्षे जुनी आहे आणि तिची सुरुवात वीरगळांपासून, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांपासून धरणेच योग्य ठरते.

गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याच्या काळातल्या वीरगळांवर बहुधा अक्षर नसते, तरी ते वाचता येतात. वाचायचे खालून वर. तळच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, त्यावर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य. गोव्यातल्या काही वीरगळांवर तळच्या चौकटीत घोड्यांऐवजी नौका कोरल्या आहेत, वल्ह्यांच्या रांगेसकट. कदंबांचे आरमारी बळ इतक्या थोड्या जागेत दुसरी कोणतीच खूण सांगत नाही. यांतले काही दगड आज संग्रहालयात आहेत, तर काही सत्तरीसारख्या भागात देवळांच्या आवारात देव म्हणून पुजले जातात. वीराचे नाव विसरले गेले, पण मान राहिला.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाच्या दारावर शके १५९० चा शिलालेख आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मंदिराचे काम सुरू झाल्याची ही नोंद (इ.स. १६६८). मास, पक्ष, तिथी आणि राजाचे नाव, एवढाच मजकूर. दिवाडी बेटावरून लिंग नदीपार का आणावे लागले, हे त्यात नाही. ते सांगणे आजच्या फलकाचे काम.

पोर्तुगीज काळातल्या खुणा राज्यकर्त्यांचा गौरव करतात. जुन्या गोव्यातील विजरईच्या (व्हाइसरॉयच्या) कमानीवर वास्को द गामाचा पुतळा आहे. ही कमान त्याच्याच पणतूने, विजरई फ्रान्सिश्कु द गामाने उभारली. आज दिसते ती कमान १९५४ साली फेरबांधणी केलेली आहे. दगड पाहून सोळाव्या शतकात शिरलेल्या पर्यटकाला हे कळायलाच हवे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर जागा त्याच राहिल्या, आठवणी बदलल्या. पणजीत गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी बांधलेला मंडप आझाद मैदानात अजून उभा आहे. पुतळा मात्र जुन्या गोव्याच्या संग्रहालयात गेला आणि मैदानात स्वातंत्र्यसेनानी त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक झाले. मडगावात १८ जून १९४६ च्या पोर्तुगीज सत्तेविरोधी सभेची आठवण लोहिया मैदान देते. त्या दिवशी डॉ. राममनोहर लोहियांसोबत असोळण्याचे डॉ. जुलियांव मिनेझिस होते, हे नाव प्रत्येक फलकावर तितक्याच ठळकपणे यावे. महाराष्ट्रातून येताना बांदा ओलांडल्यावर लागणारे पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबाराची आठवण देते. रस्त्यांची नावेही याच कामी आली आहेत. पणजीत ‘अठरा जून’ रस्ता आहे आणि पोर्तुगालच्या दिनदर्शिकेतून आलेला ‘३१ जानेवारी’ रस्ताही आहे.

एकाच घटनेच्या दोन आठवणी कुंकळ्ळीत समोरासमोर येतात. १५ जुलै १५८३ रोजी तेथे रुदोल्फो आक्वाव्हिवा यांच्यासह पाच जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रसारक) मारले गेले. देवळे पाडली गेल्याने गावात संताप खदखदत होता. पुढे गावच्या प्रमुख गावकारांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. सोळांतला एकच निसटला असे गाव सांगते. चर्चने १८९३ मध्ये त्या पाच जणांना धन्य घोषित केले. गावकारांचे स्मारक उभे राहायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. एकट्या कोणत्याही खुणेवरून १५८३ चे साल समजत नाही. कुंकळ्ळीला जाणाऱ्याने दोन्ही पाहावे.

जुन्या गोव्यातील हातकातरो खांब हे याहून नाजूक प्रकरण. धर्मसमीक्षण सभेच्या (इन्क्विझिशन, १५६०–१८१२) काळात येथे लोकांना बांधून हात तोडले जात, ही आठवण पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. अशा ठिकाणी फलकाने कागदोपत्री काय आहे आणि लोकस्मृती काय आहे, हे वेगवेगळ्या ओळींत लिहावे. त्याने स्मृतीचा मान कमी होत नाही.

संरक्षित स्मारकांपाशी सर्वांत आधी नजरेस पडतो तो पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक. स्मारक १९५८ च्या कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाचे घोषित झाले आहे, नासधूस केल्यास शिक्षा होईल, असा त्याचा मजकूर. २०१० च्या दुरुस्तीनुसार १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. राज्याचा स्वतंत्र कायदा १९७८ चा. ही सूचना आवश्यकच आहे, पण अनेक ठिकाणी इतिहासाच्या वाट्याला त्याहून कमी जागा येते. वास्तू कोणी घडवली, दगड कुठून आला, गावाचा तिच्याशी काय संबंध, हे वाचणाऱ्याला हवे असते. तेही मराठी-कोकणीत.

सांगे तालुक्यात कुशावतीकाठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर बैल, हरणे आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळे कोरलेली आहेत. पुरातत्त्व खात्याच्या नोंदीत ही जागा १९९० च्या दशकात आली, तीही स्थानिकांनी दाखवल्यामुळे. चित्रांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तेथील फलकावर काळाच्या अंदाजाशेजारी हा मतभेदही लिहिला पाहिजे आणि जागा दाखवणाऱ्या गावाचे श्रेयही.