ऐतिहासिक वास्तूंचे भूऔष्णिक तापन

जमिनीतील उष्णता वर आणून जुनी चर्चे, राजवाडे, सभागृहे अशा वास्तू उबदार ठेवण्याची पद्धत. जेथे गरम झरे आहेत तेथे त्यांचे पाणी थेट वापरता येते. फ्रान्समधील शोद-एग या गावी सुमारे ८२° से. तापमानाच्या झऱ्याचे पाणी मध्ययुगापासून घरे तापवण्यासाठी खेळवले जात आहे. इतरत्र जमीन एवढी तापलेली नसते, पण सुमारे १०–१५ मी. खोलीवर ऋतुमानाचा परिणाम जवळजवळ संपून तापमान वर्षभर स्थिर राहते. विंधनविहिरींत सोडलेल्या नळ्यांतील द्रव ही सौम्य उष्णता शोषून आणतो आणि उष्णता पंप तिचे तापमान वाढवतो. खर्च झालेल्या विजेच्या साधारण तीन ते चार पट उष्णता यातून मिळते.

अडचण येते ती वास्तूकडून. बॉयलरवर चालणारे जुने रेडिएटर ७०–८०° से. पाण्याच्या हिशेबाने बसवलेले असतात, तर उष्णता पंप ३५–५०° से. पाणी पुरवताना अधिक कार्यक्षम ठरतो; शिवाय जाड दगडी भिंती तापायला फार वेळ घेतात. मात्र हीच संथ गती जुन्या लाकूडकामाच्या पथ्यावर पडते. केवळ प्रार्थनेपुरती गरम हवा सोडली की सापेक्ष आर्द्रता एकदम घसरते, लाकडी फळ्या आकसून सांधे उकलतात आणि चित्रांवरील रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. अखंड मंद ऊब हे टाळते.

इंग्लंडमधील बाथ ॲबी या जुन्या चर्चचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. तेथील फरशीखाली शतकानुशतके दफने झाल्याने पोकळ्या पडून कोरीव स्मृतिशिला खचत होत्या. त्या उचलून जमीन भक्कम करणे भागच असल्याने तापनाच्या नळ्याही त्याच वेळी फरशीखाली घालण्यात आल्या. त्यांना लागणारी उष्णता रोमन काळातील सांडपाण्याच्या भुयारातून वाहून जाणाऱ्या गरम झऱ्याच्या पाण्यातून घेतली जाते. केवळ तापनासाठी अशी फरशी उखडणे क्वचितच समर्थनीय ठरेल. न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये २०१७ मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेसाठी १० विहिरी खोदल्या असून त्यांतील सर्वांत खोल सुमारे ६७० मी. आहे, उन्हाळ्यात याच यंत्रणेने वास्तू थंडही केली जाते.

विहिरी खोदण्यापूर्वी जागेचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण करावे लागते, कारण वास्तूभोवतालच्या आवारातही जुने पाये आणि थडगी असू शकतात.